पालेंके, धबधबे आणि बसचा प्रवास: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास राज्याबद्दल, तिथल्या जंगलातल्या पालेंकेसारख्या प्राचीन माया लोकांच्या शहरांबद्दल आणि धबधब्यांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की हे सगळं सदर त्यालाच देतेय. नावं छापत नाहीये, फक्त गाव दिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

मूळ नाशिकचा, सध्या ह्यूस्टनला नोकरी. डिसेंबरात आम्ही तिघं मित्र सान क्रिस्तोबालहून पालेंकेला जाणार. वाटेत आग्वा आसूल आणि मिसोल-हा हे दोन्ही धबधबे करायचेत, आणि रात्रीची बस घेतली तर एक दिवस वाचेल असं वाटतंय. जमेल का?

जमेल, पण मला विचारशील तर तो दिवस वाचवू नकोस रे. सान क्रिस्तोबाल दे लास कासास साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे आणि पालेंके गाव जेमतेम ६० मीटरवर, म्हणजे अख्खा रस्ता घाटाचा, वळणावर वळण, आणि प्रत्येक वस्तीपाशी स्पीडब्रेकर, त्याला तिथे तोपे म्हणतात, ते इतके की गाडी जरा वेग घेते न घेते तोच ब्रेक. नकाशावर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास दिसतं आणि वाटतं चार तासात आरामात पोचू. पाच ते सहा तास धरा. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, वाटेत घेऊन उपयोग नसतो.

आता रात्रीचं. ओकोसिंगोवरून जाणारा हा जो सरळ रस्ता आहे त्यावर गावकरी अधूनमधून रास्ता रोको करतात, त्याला ते ब्लोकेओ म्हणतात, कधी जमिनीच्या वादावरून, कधी सरकारने दिलेलं आश्वासन पाळलं नाही म्हणून. कधी नुसती दोरी आडवी धरून फळं विकणारी पोरं असतात, कधी खरोखर तासन् तास रस्ता बंद. दिवसा हे सगळं निभावतं, सुटे पेसो द्यायचे, वाद घालायचा नाही आणि मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात करायचं नाही. अंधारात मात्र याच रस्त्यावर लुटालूटही झालेली आहे, म्हणून मोठ्या बस कंपन्या बऱ्याचदा हा रस्ता सोडून विल्याएर्मोसा शहराकडून मोठा वळसा घालतात, त्याला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे रात्रीची बस घेतलीत तर ती धबधब्यांच्या रस्त्याने बहुतेक जाणारच नाही, मग वाटेत धबधबे कुठून होणार?

मी सांगते तसं करा. सकाळी लवकर सान क्रिस्तोबालहून कोलेक्तिवो पकडा. कोलेक्तिवो म्हणजे आपल्याकडची वडापच, व्हॅन भरली की सुटणार, टाइमटेबल नाही, हात केला की थांबणार. ओकोसिंगोला उतरायचं, गाडी बदलायची, आणि दुपारी उजेडात पालेंकेला पोचायचं. ओकोसिंगोजवळ तोनिना नावाचं माया शहर आहे, डोंगराच्या उतारावर एकावर एक चढत गेलेले चौथरे, गर्दी फार कमी. याच तोनिनाच्या लोकांनी इ.स. ७११ मध्ये पालेंकेच्या राजाला पकडून नेलं होतं, हात बांधलेल्या त्या राजाचं शिल्पसुद्धा कोरलं. एक रात्र ओकोसिंगोत काढता आली तर नक्की बघा, फक्त ते उघडं आहे का याची आदल्या दिवशी चौकशी करा.

मग पालेंकेत किमान दोन मुक्काम. एक दिवस पूर्ण अवशेषांना द्या, दुसरा धबधब्यांना. मिसोल-हा पालेंकेपासून वीसेक किलोमीटरवर आहे, सुमारे ३५ मीटरची एकच सरळ धार, आणि तिच्या मागच्या कपारीतून चालत पलीकडे जाता येतं, पाण्याचा पडदा समोर आणि आपण आत. आग्वा आसूल साठेक किलोमीटर, तिथे एक मोठा धबधबा नाही तर पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणारी नदी आहे. कोलेक्तिवो तुम्हाला मेन रोडच्या फाट्यावर सोडते, तिथून आत चारेक किलोमीटर पिकअप किंवा टॅक्सी. स्वतः केलंत तर स्वस्त पडतं पण परतीची शेवटची गाडी किती वाजता हे सकाळीच ड्रायव्हरला विचारून ठेवा. तिघं आहात तर पालेंकेतून टूरची व्हॅन घेतलीत तरी माझी काही हरकत नाही, ती दोन्ही ठिकाणी नेते आणि संध्याकाळी परत आणते.

आणि आग्वा आसूलला पोहायचं असेल तर जिथे दोऱ्या बांधल्यात आणि लोक पोहतायत तिथेच. पाणी दिसायला शांत असतं पण खालून ओढ जबरदस्त आहे, तिथे बुडून माणसं गेलेली आहेत. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, तिघांपैकी एकाला जरी पोहायला नीट येत नसेल तर लाइफ जॅकेट.

ठाणे. त्या धबधब्याचं पाणी फोटोत असतं तसं निळंशार खरंच असतं का? की फिल्टर?

खरंच असतं, पण बारा महिने नाही. तो सगळा भाग चुनखडीचा, पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते दगडांवर, पडलेल्या झाडांच्या खोडांवर थर थर बसत जातं आणि त्याचेच ते नैसर्गिक बांध तयार होतात. त्या पांढुरक्या तळावर आणि त्या कणांमुळे पाणी निळं दिसतं. मे-जून ते ऑक्टोबर पाऊस, तेव्हा सगळी माती वाहून येते आणि पाणी चहाच्या रंगाचं. नोव्हेंबरपासून निवळायला लागतं पण पालेंकेच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीतही पाऊस येऊन जातो. सगळ्यात निळं बघायचं तर मार्च-एप्रिल, मात्र उकाडा भयंकर, आणि ईस्टरच्या आठवड्यात अख्खं मेक्सिको सुट्टीवर निघतं तेव्हा तो आठवडा सोडून जा.

सातारा. मी निवृत्त इतिहास शिक्षक. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्याबरोबर पालेंकेला एकच दिवस मिळणार. गुडघे साथ देत नाहीत. काय बघू आणि काय सोडू?

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. सकाळी आठला गेट उघडतं, तेव्हाच आत शिरा, धुकं झाडांवर असतं, हाउलर माकडांच्या डरकाळ्या येत असतात (पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघ वाटतो) आणि बसचे ग्रुप यायला अजून अवकाश असतो. दहानंतर ऊन आणि दमटपणा दोन्ही अंगावर येतं.

शिलालेखांच्या मंदिरावर आता कोणालाच चढू देत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांमुळे आपलं काही चुकतंय असं वाटून घेऊ नका, सगळे खालूनच बघतात. पण ते मंदिर काय आहे हे डोक्यात ठेवून बघा. आल्बेर्तो रुस लुइये या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाला वरच्या खोलीच्या फरशीत भोकं असलेला एक मोठा दगड दिसला, उचलला तर खाली जिना, आणि तो जिना मुद्दाम दगडमातीने गच्च भरलेला. १९४९ ला उपसायला सुरुवात केली, एकेक हंगाम करत १९५२ मध्ये तळाशी पोचले तर तिथे राजाचं दफन. किनिच हानाब पाकाल, इ.स. ६१५ ते ६८३ असं राज्य केलं त्याने, बारा वर्षांचा असताना गादीवर बसला. तोपर्यंत बरेच अभ्यासक असंच मानत होते की माया पिरॅमिड म्हणजे नुसते मंदिराचे चौथरे, आत कबर नसते. तुम्ही मुलांना हा काळ शिकवला असेल म्हणून सांगते, पाकाल गादीवर बसला तेव्हा आपल्याकडे बादामीला दुसरा पुलकेशी होता.

थडग्यापासून वरपर्यंत जिन्याच्या कडेने दगडाची एक पोकळ नळी बांधून नेलीय, मेलेल्या राजाला जिवंतांशी बोलता यावं म्हणून. मला ती नळी त्या सोन्या-जेडपेक्षा, म्हणजे तिथे सोनं नव्हतंच, जेडच (हिरवा मौल्यवान दगड), पण त्यापेक्षाही जास्त भिडते.

पुढे राजवाड्यात जा. तिथे पायऱ्या आहेत पण बेताच्या, मुलाचा हात धरून होतील. चार मजली चौकोनी मनोरा असलेला माया राजवाडा दुसरीकडे कुठे नाही. अंगणातल्या कैद्यांच्या शिल्पांपाशी थांबा, आणि ओतुलुम ओढा ज्या दगडी बोगद्यातून वळवलाय तो बघा, सातव्या शतकातलं पाण्याचं काम आहे ते. क्रूसाच्या मंदिरांचा गट पाकालच्या मुलाने ६९२ मध्ये उभा केला, तिथल्या पायऱ्या मात्र उंच आणि निसरड्या, मुलाला वर पाठवा, तुम्ही खाली झाडाखाली बसा. शिलालेखांच्या मंदिराशेजारच्या तेराव्या मंदिरात १९९४ मध्ये एका स्त्रीचं दफन सापडलं, सगळं हिंगुळाने लाल झालेलं, म्हणून तिला लाल राणी म्हणतात, ती पाकालची बायको असावी असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे.

म्युझियम खाली रस्त्यावर आहे, सोमवारी बंद असतं. तिथे पाकालच्या शवपेटीच्या झाकणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, अगदी जवळून बघता येते. मूळ झाकण अजून मंदिराच्या पोटातच आहे. जेडचा मुखवटा मात्र मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात, १९८५ च्या नाताळात तो तिथून चोरीला गेला होता आणि १९८९ मध्ये परत मिळाला. विमान मेक्सिको सिटीवरूनच असेल तर अर्धा दिवस त्या संग्रहालयासाठी काढाच सर.

अजून एक, तुम्हाला आवडेल म्हणून. हे राजे कोण, कोणानंतर कोण, हे फार उशिरा कळलं. १९७३ मध्ये पालेंके गावातच अभ्यासक जमले होते, तिथे लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी एका दुपारी बसले आणि शिलालेखांवरून पालेंकेच्या राजांची मोठी वंशावळ लावून उठले. त्यातली लिंडा शील चित्रकला शिकवणारी बाई होती, सुट्टीत फिरायला म्हणून मेक्सिकोत आली आणि या लिपीतच आयुष्य घालवलं.

सांगली. माझी मुलगी टोरोंटोला शिकते, तिला एकटीने मेक्सिकोत बसने फिरायचंय. मी नाही म्हणावं का?

ताई, नाही म्हणू नका, पण तिच्याबरोबर बसून नीट ठरवा. मेक्सिकोतल्या पहिल्या वर्गाच्या बसेस खरंच चांगल्या असतात, नंबरची सीट, सामानाला टॅग, आत एसी इतका गार की शाल लागतेच. एकट्या मुली तिथे खूप फिरतात. मेरिदाहून पालेंकेला सरळ बस आहे, आणि विल्याएर्मोसाच्या विमानतळावरून पालेंके दोन-अडीच तासांवर, म्हणजे घाटातला तो रस्ता तिला घ्यायची गरजच नाही. २०२३ च्या शेवटापासून कान्कून ते पालेंके अशी त्रेन माया ही रेल्वेही सुरू झालीय (ती जंगलातून आणि भूमिगत पाण्याच्या गुहांवरून काढल्याबद्दल तिथे मोठा वाद झाला, मला स्वतःला ते काम पटलेलं नाही).

ग्वाटेमालाच्या सीमेलगतच्या भागात मात्र गेल्या काही वर्षांत गुन्हेगारी टोळ्यांचा त्रास फार वाढलाय. याश्चिलान आणि बोनाम्पाक ही दोन अप्रतिम माया ठिकाणं त्याच बाजूला आहेत. याश्चिलानला तर उसुमासिंता नदीतून होडीनेच जावं लागतं, आणि बोनाम्पाकची भित्तिचित्रं साधारण इ.स. ७९० ची, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं त्यानंतर लगेचची. माझा जीव आहे या जागांवर, तरीही सांगते, तिने तिथे एकटीने जाऊ नये, पालेंकेत पोचल्यावर स्थानिकांना विचारून, परिस्थिती ठीक असेल तरच आणि ग्रुपबरोबरच.

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. चियापासमधून अमेरिकेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांची वाट जाते आणि त्यात भारतीयही असतात, त्यामुळे बसमध्ये इमिग्रेशनवाले चढले की भारतीय चेहऱ्याकडे जास्त लक्ष जातं. मूळ पासपोर्ट, एन्ट्रीचा शिक्का आणि कॅनडाचा व्हिसा हे हातातल्या बॅगेत, बसच्या पोटातल्या सामानात कधीच नाही. झेरॉक्स दाखवून भागत नाही. शांतपणे दाखवायचं, परतीचं तिकीट मोबाईलमध्ये सेव्ह असू द्यायचं. मदतीसाठी तिथेही ९११ आहे. रात्री कुठे राहणार ते तिने तुम्हाला रोज कळवायचं, एवढं कबूल करून घ्या आणि मग निर्धास्त राहा.

इचलकरंजी. आम्ही पूर्ण शाकाहारी. तिकडे उपाशी मरू का?

अहो नाही. मक्याच्या गरम तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ म्हणजे फ्रिहोलेस, अव्होकॅडो, तळलेली केळी, चीज घातलेली केसादिया, लिंबू-तिखट लावलेलं कणीस, हे सगळं गल्लोगल्ली मिळतं. चियापासमध्ये चिपिलिन नावाची पालेभाजी घालून तमाल (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) करतात, तो खाच. दोन गोष्टी सांभाळा. नुसतं 'कार्ने (मांस) नको' म्हटलं तर चिकन येऊ शकतं कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे चिकन नव्हे, म्हणून पोयो (चिकन) नको, पेस्कादो (मासे) नको असं एकेक नाव घ्या. आणि मान्तेका आहे का विचारा, म्हणजे डुकराची चरबी, उसळीत आणि तमालच्या पिठात घालतात. बसस्टँडवर खाण्यापेक्षा बाजारातल्या बायकांकडे खा, तिथे समोर करतात आणि विचारलं तर मनापासून सांगतात.

नागपूर. माया लोक एवढी शहरं सोडून अचानक कुठे गायब झाले? व्हिडिओत तर पाकालच्या झाकणावर अंतराळवीर आहे असं दाखवतात.

गायब झालेच नाहीत. तुम्ही ज्या कोलेक्तिवोत बसाल तिचा ड्रायव्हर बहुतेक चोल भाषा बोलणारा माया असेल, सान क्रिस्तोबालच्या बाजारात त्सोत्सिल आणि त्सेल्ताल ऐकू येईल, आग्वा आसूलच्या नाक्यावर जे पैसे घेतात तेही तिथलेच त्सेल्ताल लोक. माया कुळातल्या तीसेक भाषा आजही बोलल्या जातात, बोलणारे काही लाख नव्हे, त्याहून खूप जास्त आहेत. १ जानेवारी १९९४ ला झापातिस्तांचा उठाव झाला तो याच लोकांचा, जमिनीसाठी आणि हक्कांसाठी, आणि जे रास्ता रोको तुम्हाला भेटतात त्यांची मुळंही बरीचशी तिथेच आहेत.

दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली हे खरं, पण ते एका रात्रीत नाही. पालेंकेतली शेवटची तारीख ७९९ ची, ग्वाटेमालातल्या तिकाल शहरातला शेवटचा कोरीव स्तंभ ८६९ चा, तोनिनात ९०९. शंभर वर्षांहून जास्त काळ चाललेली गोष्ट आहे ती, त्यात दुष्काळ होते, राज्याराज्यातल्या लढाया होत्या, जमिनीवरचा ताण होता. तेव्हा उत्तरेकडे चिचेन इत्सा हे माया शहर भरात येत होतं. आणि ग्वाटेमालातल्या पेतेन इत्सा तलावातल्या बेटावरचं शेवटचं माया राज्य स्पॅनिशांनी जिंकलं ते १६९७ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांनंतर.

झाकणावर अंतराळवीर नाही. तो स्वतः पाकाल आहे, पाताळाच्या जबड्यात, आणि त्याच्या अंगातून विश्ववृक्ष वर चाललाय. त्या लोकांनी आपल्या हाताने, धातूची अवजारं नसताना, ओझ्याला जनावर नसताना हे केलं, ते त्यांच्याकडून काढून परग्रहवाल्यांना देऊ नका, खरंच वाईट वाटतं ऐकून.

डहाणू. पालेंकेहून ग्वाटेमालात तिकालला बसने जाता येतं का? आमची चिकूची वाडी आहे आणि चिकू तिकडचा असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय! चिकू मूळचा त्याच जंगलांतला. तिकालच्या मंदिरांच्या दारांवर ज्या कोरीव तुळया होत्या त्या चिकूच्याच लाकडाच्या, बाराशे वर्षं त्या पावसात टिकल्या, यावरून लाकूड किती कठीण ते बघा. चौथ्या मंदिरातल्या एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला आहेत. पूर्वी च्युइंगम चिकूच्या चिकापासून व्हायचं आणि तो चीक गोळा करत जंगलात हिंडणाऱ्या लोकांनी कितीतरी पडकी शहरं पहिल्यांदा पाहिली. तुम्हाला झाडांवर चीक काढल्याच्या तिरक्या रेघा आजही दिसतील.

जायचं कसं तर जवळचा रस्ता फ्रोन्तेरा कोरोसालला नदी ओलांडून, पण तो वर म्हटलं तोच अशांत भाग. मी तुम्हाला चेतुमालपर्यंत बस, मग बेलीझमधून फ्लोरेस, असा लांबचा मार्ग सुचवेन. फ्लोरेस म्हणजेच ते १६९७ चं बेट. तिथून तिकाल साठ-पासष्ट किलोमीटर, आणि चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच, वर चढलात की चहूकडे फक्त झाडांचे शेंडे. देश तीन, व्हिसाचे नियम तीन. मेक्सिकोला अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असला तर भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही, बाकी दोघांचं त्यांच्या दूतावासात विचारूनच तिकीट काढा.

लातूर, इयत्ता नववी. बाबा मेक्सिकोत कामाला आहेत, मे महिन्यात आम्ही पालेंकेला जाणार. मला दगडावरचे आकडे वाचता येतील का?

येतील गं, आणि गाइडच्या आधी येतील. ठिपका म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे ०. हो, शून्य त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलं होतं. आपण दहा-दहाने घरं वाढवतो, ते वीस-वीसने, खालून वर. म्हणजे खालचं घर एककाचं, त्यावर २० चं, त्यावर ४०० चं. २०११ लिहायचं तर ४०० च्या घरात ५ म्हणजे एक रेघ, २० च्या घरात शिंपला, आणि खाली ११ म्हणजे दोन रेघा आणि वर एक ठिपका. तारखांमध्ये मात्र तिसरं घर ४०० ऐवजी ३६० चं असतं, वर्षाच्या जवळ जावं म्हणून.

दगडावर रेघा बऱ्याचदा उभ्या असतात आणि ठिपके त्यांच्या डावीकडे. ठिपक्यांमध्ये छोट्या चंद्रकोरी दिसल्या तर त्या मोजू नकोस, ती नुसती जागा भरायची नक्षी आहे. आणि पालेंकेत काही ठिकाणी आकड्यांऐवजी देवांची तोंडं कोरलीत, प्रत्येक आकड्याचं तोंड वेगळं, ती ओळखायला जरा वेळ लागेल. जाण्याआधी तुझं, आईचं आणि बाबांचं जन्मवर्ष या पद्धतीने लिहून आम्हाला पाठव, बरोबर असेल तर पुढच्या अंकात छापू.